डब्यालाही ‘गाळी’ लागते

आपल्या सीमाभागातल्या घरांत वस्तू जपण्याची एक जुनी रीत आहे. वस्तू महाग असली की ती झाकायची. टीव्हीला आच्छादन, मिक्सरला खोळ, रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी, शिलाई मशीनवर क्रोशाने विणलेला रुमाल. यात हसण्यासारखे काही नाही. पै-पै साठवून आणलेल्या वस्तूवर धूळ बसू नये, तिला ओरखडा पडू नये, एवढीच त्यामागची माया असते. पण गेल्या काही वर्षांत घराघरांत अशी एक वस्तू आली आहे, की जिला ही मायाच बाधते. ती म्हणजे मुलांचा व्हिडिओ गेमचा डबा. दुकानदार त्याला ‘कन्सोल’ म्हणतात, मुले नुसतेच ‘पीएस’ म्हणतात.

परीक्षा संपून सुट्टी लागली की या डब्याच्या तक्रारी सुरू होतात. “सर, खेळता खेळता आपोआप बंद पडायलंय बघा,” असे सांगणारा एखादा विद्यार्थी दर उन्हाळ्यात भेटतोच. मी मराठी शिकवणारा माणूस, मेकॅनिक नव्हे. पण ही तक्रार यंत्रापुरती क्वचितच असते. वडील म्हणतात, “दिवसरात्र खेळत बसतोस, जळणार नाही तर काय होईल?” मुलगा म्हणतो, “मी काही केलेलं नाही.” आई बिचारी दोघांच्या मध्ये. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला, तेव्हा डिस्कवाल्या डब्याची किंमत ४९,९९० रुपये होती. एवढ्या पैशांची वस्तू बंद पडली की घरात आवाज चढणारच. मात्र बहुतेक वेळा मुलगा खरे बोलत असतो. खेळल्याने डबा तापतो हे खरे, पण त्याला बंद पाडते ती कोंडी. आणि ती कोंडी बऱ्याचदा घरातल्या मोठ्यांनीच, अगदी प्रेमाने केलेली असते.

मागे एकदा वडगावातल्या एका विद्यार्थ्याच्या घरी गेलो होतो. घरात आई मराठी बोलणारी, आजी कन्नड, आणि नातवंडे दोन्ही भाषांत भांडणारी. डबा शोकेसमध्ये होता, पुढे काचेची सरकती दारे, खाली सेट-टॉप बॉक्स, डोक्यावर विणलेला रुमाल. शेजारी यंत्रमाग, त्यामुळे कापसाचे तंतू घरभर. डब्याच्या मागच्या जाळीवर करड्या रंगाची साय धरली होती. दुरुस्तीला किती लागतील यावर आमची चर्चा चालली असताना आजी काचेकडे बोट दाखवून म्हणाल्या, “अदक्क गाळी बेकल्ला?” त्याला वारा नको का? कांदे-बटाटे कसे साठवायचे हे ज्या बाईला कळते, तिला यंत्राचा आजार पाहताक्षणीच कळला होता.

आता हे ‘गाळी’ प्रकरण समजून घेऊ. मोठा खेळ चालू असताना प्लेस्टेशन ५ सुमारे २०० वॅट वीज खातो. या विजेची शेवटी उष्णताच होते. आपल्याकडे पूर्वी १०० वॅटचे पिवळे दिवे असत. त्यांच्या काचेला बोट लावायची कुणाची छाती नव्हती. तसे दोन दिवे एका बंद डब्यात तासन्‌तास पेटलेत अशी कल्पना करा. ही उष्णता मुख्यतः नखाएवढ्या-दोन नखांएवढ्या चिपमध्ये तयार होते. चिपला चिकटून धातूचा ठोकळा असतो, त्याला पातळ पातळ पत्र्यांच्या कडा असतात. चिप आणि ठोकळा यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारा लेप असतो. पंखा खोलीतली हवा आत ओढतो, ती त्या पत्र्यांमधून फिरवतो आणि गरम झालेली हवा मागून बाहेर टाकतो. सारा कारभार या एका वाऱ्यावर चालतो.

पंखा हवा ओढतो तेव्हा हवेतले सगळेच ओढतो. बेळगाव-खानापूरची तांबडी माती, मागावरचे तंतू, मांजराचे केस, देवघर जवळ असेल तर उदबत्तीच्या धुराची चिकट काजळी. हे सगळे त्या पत्र्यांच्या फटींत साठते आणि पावसाळी दमटपणा लागला की त्याचा नमद्यासारखा थर होतो. मे महिन्यात गोधडी पांघरून झोपावे तशी यंत्राची गत होते. उष्णता बाहेर पडेना म्हणून पंखा जोरात फिरतो, जोरात फिरला की आणखी धूळ ओढतो. आधी गुणगुणणारा डबा पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागतो. पुढे पडद्यावर ‘फार गरम झाले आहे’ असा इशारा येतो, आणि तरीही खेळ चालूच राहिला तर डबा स्वतःहून बंद होतो. अशा वेळी बंद होणे हा त्याचा शहाणपणा आहे. त्यावर पुन्हा पुन्हा बटण दाबून त्याला उठवणे, हा आपला अडाणीपणा.

उष्णतेचे दुखणे किती महाग पडते, याचा धडा एका बलाढ्य कंपनीलाही मिळाला आहे. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० अमेरिकेत नोव्हेंबर २००५ मध्ये आला. थोड्याच काळात तीन लाल दिवे लावून डबे बंद पडू लागले. जुलै २००७ मध्ये कंपनीला या बिघाडासाठी हमीची मुदत तीन वर्षांपर्यंत वाढवावी लागली आणि त्यापोटी १०० कोटी डॉलरहून अधिक रकमेची तरतूद करावी लागली. कारण काय, तर डबा तापतो, निवतो, पुन्हा तापतो. धातू प्रसरण पावतो, आकुंचन पावतो, आणि या ओढाताणीत चिपमधले सूक्ष्म जोड तडकतात. तो दोष मुळातच रचनेतला होता, घरच्या सफाईने टळणारा नव्हता. पण उष्णता यंत्राचे काय करते, हे त्यातून जगाला दिसले. गंमत अशी, की त्या काळी डबा टॉवेलात गुंडाळून मुद्दाम तापवण्याचा एक अघोरी उपाय जगभर पसरला होता. काही डबे त्याने थोडे दिवस चालत, मग कायमचे झोपत. बर्फाच्या पिशवीवर ठेवणे किंवा फ्रीजमध्ये घालणे हेही त्याच जातीचे उपाय. गार वस्तूवर दव धरते, आणि विजेच्या यंत्रात दव म्हणजे संकट.

मग करायचे काय? पहिली गोष्ट जागेची, आणि ती फुकट आहे. डबा शोकेसमधून बाहेर काढा. उघड्या, टणक फळीवर ठेवा. गादी, सतरंजी, सोफा नको. भिंतीपासून आणि बाजूच्या वस्तूंपासून निदान १० सेंटिमीटर, म्हणजे चार आडव्या बोटांपेक्षा थोडे जास्त, अंतर राहू द्या. त्याच्यावर काही ठेवू नका, त्यालाही दुसऱ्या गरम यंत्रावर ठेवू नका. जमिनीवर ठेवाल तर झाडूने उडालेली धूळ थेट त्याच्या नाकात जाते, म्हणून गुडघ्याइतक्या उंचीवर बरे. काही जण जाळीवर पातळ कापड बांधतात. धूळ गाळली जाते हे कबूल, पण वाराही अडतो. मराठीतली गाळणी लावायला जाऊन कन्नडातली गाळी बंद करू नका!

दुसरी गोष्ट वेळेची. प्लेस्टेशन ४ असो वा ५, कंपनीने दिलेली तापमानाची मर्यादा ५ ते ३५ अंश सेल्सियस आहे. ही मर्यादा खोलीच्या हवेची. एप्रिल-मेच्या दुपारी स्लॅबखालच्या किंवा पत्र्याच्या खोलीत पारा ३५च्या पुढे सहज जातो. मग पंख्याने तरी गार हवा आणायची कुठून? दुपारी बारा ते चार डब्याला सुट्टी, सकाळी आणि रात्री खेळ, असा नियम करा. आयांना हा नियम फार आवडेल, आणि या वेळी त्याला विज्ञानाचा आधार आहे. खोलीतला पंखा जरूर लावा. पाण्याचा कूलर मात्र डब्याच्या तोंडावर लावू नका.

तिसरी गोष्ट सफाईची. महिन्यातून एकदा डबा पूर्ण बंद करा. ‘रेस्ट मोड’ म्हणजे बंद नव्हे, ती डुलकी आहे. प्लग भिंतीतून काढा, अर्धा-पाऊण तास निवू द्या. मग डबा गॅलरीत किंवा अंगणात न्या, नाही तर खोलीत झटकलेली धूळ संध्याकाळी पुन्हा त्याच्याच पोटात जाईल. चित्रकलेचा मऊ, कोरडा ब्रश घेऊन जाळीवरची धूळ बाहेरच्या बाजूला ओढा, आत ढकलू नका. कोरड्या मऊ कापडाने अंग पुसा. घरी व्हॅक्यूम क्लीनर असेल तर सर्वांत कमी ताकदीवर जाळीवरून फिरवा. छायाचित्रकार कॅमेऱ्यासाठी वापरतात तो रबरी फुगाही चांगला. ओले फडके, काच पुसायचा फवारा, रॉकेल यांपैकी काहीही नको.

तोंडाने फुंकर तर मुळीच मारू नका. १९९०च्या दशकात टीव्हीला जोडायचे कॅसेटवाले खेळ आले, तेव्हा कॅसेट चालेना की तिच्यात फुंकर मारायची, हे त्या काळच्या पोरांना कुणी न शिकवता येत असे. पण श्वासात ओलावा असतो आणि त्याने धातूचे टोक गंजते. निन्टेन्डो कंपनीने तेव्हाही असे करू नका म्हणून सांगितले होते. आज त्याच पिढीतले बाबा मुलाच्या डब्यात तितक्याच आत्मविश्वासाने फुंकर मारताना दिसतात.

पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसरही नको. त्या हवेचा दाब भलताच असतो, आणि तिच्यात पाणी व तेलाचे थेंब असतात. दुकानातला ब्लोअर वापरायचाच तर आतला पंखा एखाद्या लाकडी काडीने स्थिर धरून वापरावा. वाऱ्याने तो गरागरा फिरला तर त्याचे बेअरिंग बिघडते.

घरी किती उघडायचे, याला एक सीमा आहे. २०२० सालच्या मूळ प्लेस्टेशन ५ची पांढरी झाकणे स्क्रू न काढता सरकवून निघतात, आत धूळ साठण्यासाठी मुद्दाम खळगे केलेले आहेत, आणि ते व्हॅक्यूमने साफ करता येतात. तिथेच थांबावे. त्याच्या चिपवर नेहमीच्या लेपाऐवजी पातळ धातू आहे. तो वीजवाहक आहे. सांडला तर पुढचे सगळे संपले. प्लेस्टेशन ४ सारख्या जुन्या डब्यात लेप वाळलेला असू शकतो. तो बदलला की घरघर बरीच कमी होते, पण ते काम हात बसलेल्या कारागिराचे. वीजपुरवठ्याची पेटी तर कुणीच घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यात काही काळ विद्युतभार राहतो. कारागिराकडे नेलात तर एक गोष्ट मात्र विचारा: आत झुरळे आहेत का? उबदार, अंधारी जागा त्यांना आवडते, आणि डब्याशेजारी सांडलेला चिवडा त्यांना निमंत्रणच देतो.

या सगळ्याचा विसर पडू नये म्हणून आपल्या पंचांगातच सोय आहे. पाडव्याच्या आधी घर झाडतो तेव्हा, उन्हाळा लागण्यापूर्वी, एक मोठी सफाई. दुसरी खंडेनवमीला. आपण खंडेनवमी म्हणतो, शेजारी आयुधपूजा म्हणतात, पण त्या दिवशी माग, लेथ, स्कूटर, विळी सगळे पुसून पूजेला ठेवायची पद्धत दोन्हीकडे सारखीच. या डब्यालाही त्या रांगेत बसवा. हळद-कुंकवाचे बोट झाकणावर लावा, जाळीवर नको, आणि झेंडूच्या पाकळ्या तर दूरच ठेवा.

ही सफाई मुलाच्या हातून करवून घ्या. ज्याने वस्तूचा घाम पुसला, तो तिचा आवाज ओळखू लागतो, आणि घरघर वाढली की सांगण्याआधीच खेळ थांबवतो. वडिलांनी शेजारी बसून टॉर्च धरावा. अट एकच: टॉर्च धरणाऱ्याने त्या अर्ध्या तासात अभ्यासाचा विषय काढायचा नाही.