भाकित आणि भरंवसा

रुग्णाच्या उशाशीं असलेल्या एखाद्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांत १०० घटक आहेत आणि एकहि बिघडला तरी तें बंद पडतें, असें समजा. प्रत्येक घटक वर्षभर टिकण्याचा संभव शंभरांत ९९ असला, तरी अशा १०० यंत्रांपैकीं सुमारें ३७ च वर्षअखेर चालूं राहतील! हा हिशेब संगणकप्रणाली केवळ आराखड्यावरून मांडते व दुबळा घटक आधींच दाखविते, हा तिचा मोठा उपकार होय. परंतु अशा कित्येक प्रणालींत अमेरिकन सैन्याच्या १९९१ सालच्या पुस्तिकेंतील आंकडे अद्यापि वापरतात. नव्या घटकांविषयीं तें भाकित चुकूं शकतें. म्हणून भाकितानें दोन आराखड्यांची तुलना करावी. भरंवसा मात्र प्रत्यक्ष कसोटीनंतरच ठेवावा. उत्तीर्ण होण्याचा अंदाज म्हणजे उत्तीर्ण होणें नव्हे, हें पालकांस निराळें सांगावयास नकोच!