आभासी चष्म्याची दृष्टी किती?

नेत्रतपासणीच्या तक्त्यावरील सर्वांत वरचे मोठे अक्षर तेवढे वाचता आले, तर दृष्टी 6/60 नोंदवली जाते. निरोगी दृष्टीची नोंद 6/6 अशी होते. हर्मन स्नेलन यांनी 1862 साली रूढ केलेल्या या तक्त्यामागे साधे कोनमापन आहे. सहा मीटरवरून 6/6 च्या ओळीतील अक्षराची रेघ डोळ्याशी एका अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक कला, इतका कोन करते. ती रेघ जेमतेम पावणेदोन मिलिमीटर जाडीची असते. याहून बारीक तपशील सामान्य डोळ्याला सहसा सुटा दिसत नाही.

व्हीआर हेडसेटचा पडदा पुरेसा चांगला झाला आहे का, या प्रश्नाचे उत्तर याच तक्त्यावर शोधायला हवे. जाहिरातीत पिक्सेलांची एकूण संख्या सांगितली जाते. डोळ्याला मात्र एका अंशात किती पिक्सेल मावतात याच्याशी कर्तव्य असते. अंशाला 60 पिक्सेल म्हणजे 6/6. त्या हिशेबाने 2013 सालच्या ऑक्युलस रिफ्टच्या पहिल्या विकासक संचात अंशाला सुमारे 7 पिक्सेल होते. म्हणजे दृष्टी 6/50 च्या आसपास. 2020 च्या क्वेस्ट 2 मध्ये सुमारे 20, म्हणजे 6/18. 2023 च्या क्वेस्ट 3 मध्ये 25, म्हणजे साधारण 6/14. 2024 साली अमेरिकेत 3,499 डॉलरना विक्रीस आलेल्या ॲपल व्हिजन प्रोमध्ये सुमारे 34, म्हणजे 6/11 च्या जवळपास. हा हिशेब ढोबळ आहे; भिंगाच्या कडेला प्रतिमा आणखी धूसर होते.

अकरा वर्षांतील ही प्रगती थक्क करणारी आहे. तरीही दुसरी बाजू नोंदवली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात 6/12 पेक्षा कमी आणि 6/18 पर्यंतची दृष्टी 'सौम्य दृष्टिदोष' मानली जाते. परवडणाऱ्या किमतीतील हेडसेट डोळ्यांवर चढवताच 6/6 दृष्टीचा विद्यार्थी तात्पुरता या गटात जातो. शाळेच्या नेत्रतपासणीत एवढी दृष्टी आढळली, तर त्याला चष्म्यासाठी पाठवले जाईल.

भारतात हा प्रश्न आता केवळ खेळांपुरता उरलेला नाही. चेन्नईच्या आयआयटी मद्रासमध्ये प्रा. एम. मणिवण्णन यांच्या नेतृत्वाखालील केंद्रात आभासी वास्तव आणि स्पर्शतंत्रज्ञान यांवर संशोधन चालते. ग्रामीण माध्यमिक शाळांत सामाजिक शास्त्रे आणि भाषा व्हीआरच्या साहाय्याने शिकवण्याचा प्रकल्प याच संस्थेने 2022 साली जाहीर केला. 2024 साली तेथे ॲमोलेड पडद्यांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झाले. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय, डीआरडीओ आणि टाटा सन्स यांचे त्याला पाठबळ आहे. पडदा घडवणारे आणि तो वर्गात नेऊ पाहणारे संशोधक एकाच आवारात असणे ही मोठी संधी आहे. 'पुरेसे चांगले' याची व्याख्या येथे ठरू शकते.

ती व्याख्या कामानुसार बदलते. रेणूची रचना सर्व बाजूंनी पाहणे, किल्ल्याच्या तटबंदीवरून फेरफटका मारणे, शस्त्रक्रियेच्या पायऱ्यांचा सराव करणे यांसाठी आजचा पडदा बहुधा पुरेसा आहे. तेथे खोलीची जाणीव आणि हालचालीला मिळणारा तत्काळ प्रतिसाद महत्त्वाचा असतो. वाचनाची गोष्ट वेगळी. 'धन' आणि 'घन' या शब्दांतील फरक शिरोरेषेतील फटीचा आणि एका छोट्या वळणाचा आहे. 'भ' आणि 'म' यांचेही तसेच. 'वंश' आणि 'वश' यांना वेगळे करणारा अनुस्वार एक टिंब आहे. 'वैशिष्ट्य'मधील जोडाक्षर तर उभ्या उतरंडीत दाटीने बसते. तमिळमध्ये व्यंजनातील स्वर काढून टाकणारी 'पुळ्ळी' हेही टिंबच. रोमन अक्षरे सुवाच्य दिसतात तेवढ्या आकारात देवनागरी दिसेलच असे नाही. अक्षरे मोठी केली, तर एका नजरेत मावणारा मजकूर कमी होतो. भाषेचा धडा हेडसेटमध्ये वाचायला देण्यापूर्वी हा हिशेब कोणी केला आहे का?

पिक्सेल वाढवणे हा उघड उपाय आहे. पण तो सोपा नाही. शंभर अंशांच्या दृष्टिक्षेत्रात अंशाला 60 पिक्सेल हवे असतील, तर प्रत्येक डोळ्यासाठी 6000 × 6000, म्हणजे दोहोंसाठी 7.2 कोटी पिक्सेल लागतील. व्हिजन प्रोमध्ये ते एकूण 2.3 कोटी आहेत आणि त्यांचा आकार साडेसात मायक्रोमीटर आहे. अडीच सेंटिमीटर रुंदीच्या पडद्यावर 6000 पिक्सेल बसवायचे, तर हा आकार सुमारे चार मायक्रोमीटरवर आणावा लागेल. शिवाय सडपातळ हेडसेटमधील 'पॅनकेक' भिंगांत प्रकाश अर्धपारदर्शक आरशाशी दोनदा अर्धा होतो. म्हणजे पडद्याचा जास्तीत जास्त पाव प्रकाश डोळ्यांपर्यंत पोहोचतो. उजेड वाढवला की उष्णता वाढते. चेन्नईच्या दमट उन्हाळ्यात अर्धा किलोचे यंत्र चेहऱ्यावर बांधून बसलेल्या मुलासाठी ही गौण बाब नव्हे.

पिक्सेल कितीही वाढवले तरी एक अडचण उरते. आभासी पुस्तक तीस सेंटिमीटरवर दिसले, तर दोन्ही डोळे त्या अंतरासाठी आत वळतात. पण प्रतिमेचे प्रत्यक्ष केंद्रीकरण बहुतेक हेडसेटमध्ये एक ते दोन मीटरवर कायम असते. डोळ्यांचे वळणे आणि नेत्रभिंगाचे जुळवून घेणे यांत फारकत होते. अशी फारकत डोळ्यांना थकवते, हे बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मार्टिन बँक्स यांच्या गटाने 2008 साली प्रयोगांनी दाखवले. लहान मुलांचा प्रश्न आणखी नाजूक. क्वेस्ट 2 मध्ये दोन भिंगांतील अंतर 58, 63 आणि 68 मिलिमीटर एवढेच ठेवता येते. अनेक शाळकरी मुलांच्या बाहुल्यांमधील अंतर याहून कमी असते.

म्हणून 'व्हीआर तयार आहे का?' या प्रश्नाला सरसकट होकार किंवा नकार देण्यात अर्थ नाही. बघण्या-हाताळण्याच्या शिक्षणाला ते आज बऱ्याच अंशी तयार आहे, वाचनाला नाही. सार्वजनिक पैशाने शाळांसाठी हेडसेट घ्यायचे असतील, तर निविदेत तीन अटी असाव्यात: अंशाला पिक्सेल किती हे भिंगातून मोजून सांगावे, भिंगांमधील अंतर मुलांना जुळावे, आणि धडा ज्या भाषेत आहे, त्या लिपीतील ओळ विद्यार्थ्यांकडून प्रत्यक्ष वाचून घ्यावी. शेवटच्या चाचणीला खर्च जवळजवळ शून्य आहे. 'धन' आणि 'घन' वेगळे दिसेपर्यंत पाठ्यपुस्तक कागदावरच असावे.