वैशाखातील ओल

महाराष्ट्रात मे महिना हा घरच्या बागेसाठी वर्षातील सर्वांत कठीण काळ असतो, आणि त्याचे कारण केवळ तापमानाच्या आकड्यात सापडत नाही. या महिन्यात दुपारचा सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकताना राज्याच्या बरोबर माथ्यावरून जातो. ज्या दिवशी मध्यान्ही उभ्या काठीची सावली तिच्या बुंध्याशीच लोपते, त्याला शून्य सावली दिवस म्हणतात, आणि तो पुण्यात साधारणपणे १३-१४ मे रोजी, तर नागपुरात २६ मेच्या सुमारास येतो. त्यामुळे कठड्याच्या किंवा भिंतीच्या आडोशाला निर्धास्त असलेल्या कुंड्या भर दुपारी उघड्या पडतात, आणि उत्तरेकडील ज्या गॅलरीत हिवाळाभर ऊन फिरकत नाही, तिथेही सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन शिरून नेचे आणि मनी प्लांट यांसारख्या सावलीला सरावलेल्या झाडांची पाने करपतात. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यानंतरच्या, म्हणजे साधारण २५ मेपासूनच्या नऊ दिवसांना विदर्भात नवतपा म्हणतात. तो सुरू होण्यापूर्वीच कुंड्यांच्या जागा नव्याने पारखून घेणे इष्ट ठरते.

या दिवसांत झाडाची पाने दुपारी मान टाकतात आणि ते पाहून घरातले माणूस झारी उचलते, ही कृती मायेची असली तरी बहुतेक वेळा चुकीची असते. मुळांनी शोषलेले पाणी पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून, वाफ होऊन बाहेर पडते. या क्रियेला बाष्पोत्सर्जन म्हणतात आणि तिच्यामुळेच पान थंड राहते. भर उन्हात बाहेर पडणारे पाणी मुळांकडून येणाऱ्या पाण्याहून अधिक होते, तेव्हा माती ओली असतानाही पाने लुळी पडतात, आणि सायंकाळी वारा निवला की ती आपोआप सावरतात. या तात्पुरत्या कोमेजण्यात पाणी ओतले, तर मातीच्या कणांमधली हवा निघून जाते, मुळे गुदमरतात आणि बुरशी लागून कुजतात. कुजलेली मुळे पाणी वर चढवू शकत नसल्याने झाड पुन्हा कोमेजते, आणि त्याला पुन्हा पाणी घातले जाते. पहाटेही पाने उभारलेली नसतील किंवा मातीत दोन पेरे बोट घातल्यावर कोरडेपणा लागत असेल, तरच ते झाड खरोखर तहानलेले असते. पाण्याची योग्य वेळ पहाटेची. गच्चीवरील लहान कुंड्यांना मात्र सायंकाळी दुसरी पाळी लागू शकते. दुपारी उन्हात पडलेल्या नळीतले सुरुवातीचे पाणी मुळे भाजण्याइतके तापलेले असते, याचे भान सहसा राहत नाही.

खरे पाहता मे महिन्यात पानांपेक्षा मातीला जपावे लागते. मराठवाडा आणि विदर्भातील काळी माती सुकताना आकसते आणि तिला पडलेल्या भेगांत बारीक मुळे तुटतात; कोकणातील जांभ्या खडकावरच्या मातीत पाणी फार टिकत नाही; आणि गच्चीवरच्या कुंडीला तर वरून ऊन व खालून तापलेला स्लॅब असा दुहेरी ताप असतो. कुंडी दोन विटांवर उचलून ठेवणे, लहान कुंड्या एकमेकींना चिकटवून मांडणे, काळ्या प्लास्टिकच्या कुंड्यांना गोणपाट गुंडाळणे आणि पश्चिमेच्या बाजूने शेडनेट बांधणे, हे उपाय साधे असले तरी गुणकारी आहेत. पण त्या सर्वांहून मोठा उपाय आच्छादनाचा, म्हणजे उघडी माती झाकण्याचा. पालापाचोळा, उसाचे पाचट, भाताचा पेंढा किंवा नारळाच्या शेंड्या यांचा दोन-तीन इंचांचा थर खोडापासून थोडा दूर पसरला, की मातीवर थेट ऊन पडत नाही, बाष्पीभवन मंदावते आणि वरच्या थरातील जीवसृष्टी जिवंत राहते. प्रयोग परिवाराचे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी पाचोळा आणि स्वयंपाकघरातील ओला कचरा यांपासून माती घडवून गच्चीवर भाजीपाला पिकवण्याचा मार्ग दाखवला, त्यालाही आता अनेक दशके लोटली. तरीही याच महिन्यात गृहसंकुलांच्या आवारात पाचोळा झाडून पेटवला जातो आणि त्याच आवारातील झाडे उघड्या मातीत होरपळत राहतात, हे क्लेशदायक आहे.

पाणी थोडे असेल तेथे मटका सिंचन ही पद्धत विशेष उपयोगी पडते. न भाजता वापरलेले मडके विरघळेल, म्हणून भाजलेले पण झिलई नसलेले, पाझरणारे मडके झाडाजवळ गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरतात आणि त्यावर झाकण ठेवतात. कोरडी माती मडक्याच्या रंध्रांतून पाणी खेचून घेते, आणि ती पुरेशी ओलावली की पाझर आपसूक मंदावतो. ही पद्धत इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील चिनी कृषिग्रंथात वर्णिलेली आहे. वैशाखात शिवपिंडीवर लावल्या जाणाऱ्या गळतीतून, म्हणजे तळाशी भोक असलेल्या पात्रातून, थेंब थेंब धार धरली जाते. आजचे ठिबक सिंचन त्याच नात्यातले म्हणावे लागेल. मोठ्या झाडांचे आळे मात्र खोडाशी न करता पानांच्या घेराच्या कडेला करावे, कारण पाणी शोषणारी बारीक मुळे मुख्यतः तिकडे पसरलेली असतात.

जुन्या घरांत मोरीच्या पाण्यावर अळू, कर्दळ आणि केळ वाढत असे. आजही तांदूळ, डाळी आणि भाज्या धुतलेले पाणी बागेला चालते, वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणीही चालते. परंतु डिटर्जंटचे पाणी आणि आरओ यंत्राने टाकून दिलेले क्षारयुक्त पाणी कुंडीत साचत राहिल्यास माती बिघडते. टँकरवर दिवस काढणाऱ्या गावांत हंगामी फुलझाडांचा मोह सोडून कढीलिंब, लिंबू, मोगरा, जास्वंद अशी बहुवर्षायू झाडे आधी जगवावीत.

या काळात खत घालू नये, कारण मातीतील क्षार वाढले की मुळांना पाणी ओढणे अवघड जाते. कुंडी बदलणे आणि मोठी छाटणीही पावसापर्यंत थांबवावी. कोरड्या उष्म्यात फोफावणाऱ्या लाल कोळी या किडीसाठी पानांच्या खालच्या बाजूवर सकाळी पाण्याचा फवारा मारला, तर बराचसा बंदोबस्त होतो.

मुंबई-पुण्यात मॉन्सून सर्वसाधारणपणे १० जूनच्या आसपास पोहोचतो. तोवर पाचोळ्याचे एकही पोते आवाराच्या फाटकाबाहेर जाऊ देऊ नये आणि एकही ढीग पेटू देऊ नये.