भांडण दोघांचं, फोन आपला

पूर्वी सणासुदीला घरात माणसं जमली की काँग्रेस की जनता पक्ष, मंडल की मंदिर यावरून भावाभावांचे आवाज चढायचे. आता ते चढतात व्हॉट्सअ‍ॅप खरं की सरकार खरं यावरून. एक म्हणतो, ‘परदेशी कंपनी, आपल्या देशात धंदा करते आणि आपल्याच सरकारला ऐकवते? एवढी मिजास?’ दुसरा म्हणतो, ‘आमच्या खासगी बोलण्यात नाक खुपसायचं सरकारला कारणच काय?’ एकाला लगेच अंधभक्त ठरवलं जातं, दुसऱ्याला देशद्रोही. आणि आपण बायका कपबश्या गोळा करत ‘चालू द्या तुमचं’ म्हणून आत जातो.

मैत्रिणींनो, हे ‘चालू द्या’ मला अलीकडे पटेनासं झालंय. व्हॉट्सअ‍ॅप वापरणाऱ्यांची संख्या भारतात ५३ कोटी आहे, असं सरकारनेच फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलं होतं. त्यात आमच्या बचत गटाच्या बायकाही आल्या. हप्ता कधी, बैठक कुणाच्या ओट्यावर, बँकेचा साहेब कुठल्या वारी भेटतो, सगळं तिथेच ठरतं. नवऱ्याचा मार खाणारी एखादी मध्यरात्री मला तिथेच दोन ओळी पाठवते आणि लगेच पुसून टाकते. तेव्हा या भांडणात आपला काही संबंध नाही, असं म्हणून भागणार नाही.

भांडणाचं मूळ आपल्याच महाराष्ट्रात आहे, हे पुष्कळांच्या लक्षात नसतं. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं गाव आहे. तिथे आठवड्याचा बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण भिक्षा मागत तिथे पोचले. पाल टाकून राहणारी, गावोगाव फिरून पोट भरणारी ही माणसं, बहुतेक सोलापूरकडच्या मंगळवेढा तालुक्यातली. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या भागात आधीपासून फोनवरून फिरत होती. जमावाने त्या पाचही जणांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि मरेपर्यंत मारलं. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात! जिथे आपण जन्माचा दाखला घ्यायला जातो तिथे.

त्या वर्षी देशभर अशीच माणसं मारली गेली. कुठे भिकारी, कुठे वेडसर बाई, कुठे नुसताच रस्ता चुकलेला प्रवासी. फोनवरून फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक फार गाजली. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यात खेळणारं पोर उचलतात आणि पसार होतात. बघितलं की काळजाचं पाणी व्हावं. प्रत्यक्षात ती पाकिस्तानातल्या कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी तयार केलेली जाहिरात होती. मूळ फितीत ते दोघे परत येऊन मूल सुखरूप ठेवून जातात आणि हातातला फलक दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापून टाकला आणि उरलेला तुकडा भारतभर फिरला.

राईनपाड्यानंतर दोनच दिवसांत केंद्र सरकारने व्हॉट्सअ‍ॅपला खडसावलं. कंपनीने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, पुढे ढकललेल्या निरोपावर तशी खूण लावली आणि भारतापुरती एकावेळी पाचच ठिकाणी निरोप पाठवण्याची मर्यादा घातली. ही मर्यादा जानेवारी २०१९ पासून जगभर लागू झाली. म्हणजे आज कुठल्याही देशातली बाई एका फटक्यात पाचच ठिकाणी निरोप ढकलू शकते, त्याच्या मागे २०१८ मध्ये आपल्याकडे गेलेले बळी आहेत.

सरकारचं तेवढ्याने समाधान झालं नाही. निरोप सगळ्यात आधी कुणी पाठवला ते आम्हाला सांगा, अशी मागणी पुढे आली आणि फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत ती घातली गेली. मे २०२१ मध्ये कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीच्या वकिलांनी तिथे सांगितलं, की कुलूप फोडायला लावलंत तर व्हॉट्सअ‍ॅप इथून जाईल.

हे कुलूप म्हणजे काय ते आमच्या गटात मला समजावून सांगावं लागलं, म्हणून इथेही सांगते. तुम्ही निरोप पाठवता तेव्हा तो जणू पेटीत बंद होऊन जातो. किल्ली फक्त ज्याला पाठवला त्याच्याकडे. मधे पेटी वाहून नेणाऱ्या कंपनीलाही आतलं वाचता येत नाही. आता सरकारला पहिला पाठवणारा हवा असेल, तर प्रत्येक पेटीवर तिचा माग सांगणारी काहीतरी खूण चिकटवून ठेवायला हवी. गुन्हेगाराचीच पेटी कुठली ते आधी कळत नाही, म्हणून सगळ्यांच्याच पेट्यांवर. तुमच्या, माझ्या आणि त्या मध्यरात्रीच्या दोन ओळींच्याही.

नियमात अटी आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. न्यायालयाचा किंवा गृह खात्याच्या सक्षम अधिकाऱ्याचा आदेश लागतो, गुन्हा गंभीर असावा लागतो. पण त्याच नियमात आणखी एक वाक्य आहे. निरोप मूळ परदेशातून आला असेल, तर भारतात तो ज्याने पहिल्यांदा पाठवला त्यालाच पहिला पाठवणारा मानायचं. आता त्या कराचीच्या फितीला हे लावून बघा. जाहिरात करणाऱ्याचा हेतू चांगला. शेवट कापणारा कोण, ते कुणालाच ठाऊक नाही. आणि ‘आपल्या शाळेतल्या मुलांना सांभाळा गं’ म्हणून घाबरून चार मैत्रिणींना ती पाठवणारी एखादी आई, तिचा नंबर पहिला लागला तर कागदोपत्री मूळ पाठवणारी तीच. राईनपाड्याला ज्यांनी दांडके उचलले ते तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते. पहिला पाठवणारा सापडला असता तरी त्या दुपारी ते पाच जण वाचले नसते.

आणि पाठवणारा सापडला की न्याय होतो, हे तरी कुठे खरं आहे? पालघर आठवतंय? नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत सगळं बंद होतं. पालघरच्या २१ वर्षांच्या एका मुलीने फेसबुकवर त्या बंदबद्दल शंका व्यक्त केली, तिच्या मैत्रिणीने ती ‘लाइक’ केली. दोघींना अटक झाली. पहिलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. इथे शोधायला काही नव्हतंच, लिहिणारीचं नाव समोर होतं. गल्लीतला जमाव आणि पोलीस ठाणं, दोघांना ते सारखंच उपयोगी पडलं. पुढे पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, खटला बंद झाला. ज्या ६६-अ कलमाखाली त्यांना धरलं होतं, ते कलम दिल्लीच्या श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात आव्हान देऊन २४ मार्च २०१५ रोजी रद्द करून घेतलं. तरी जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच आश्चर्य व्यक्त करावं लागलं, की रद्द झालेल्या कलमाखाली पोलीस अजून गुन्हे नोंदवतात कसे!

म्हणून सरकारला काही हातात देताना ते आज कोण मागतंय एवढंच बघून चालत नाही. उद्या तालुक्याच्या ठाण्यात ते कुणाच्या हाती पडेल, तेही बघावं लागतं. सासूला किल्ल्या देताना आपण जेवढा विचार करतो, तेवढा तरी करावा की!

यावर एक प्रश्न मला हमखास विचारला जातो आणि तो रास्त आहे. बायकांचे फोटो चोरून त्यांची बदनामी करणारे असतात, ते मग सापडायचेच नाहीत का? याचं उत्तर जानेवारी २०२२ मध्ये मिळालं. १ जानेवारीला मुस्लिम स्त्रियांचे फोटो ‘लिलावाला’ मांडणारं एक अ‍ॅप उघडकीला आलं. त्याचं नाव लिहायचीही मला इच्छा नाही. पत्रकार, वकील, कार्यकर्त्या अशा बोलत्या बायका त्यात निवडून घेतल्या होत्या. मुंबई पोलिसांनी आठवडाभराच्या आत पहिल्या अटका केल्या. पकडलेली पोरं विशी-बाविशीची, त्यात एक अठरा वर्षांची मुलगी. तसंच एक अ‍ॅप आधी जुलै २०२१ मध्येही निघालं होतं. दिल्लीत तक्रारी होऊन सहा महिने कुणाला हात लागला नव्हता. त्यातली पहिली अटकही या दुसऱ्या प्रकारानंतरच झाली. कायदा तोच, तंत्र तेच. मनावर घेतलं तेव्हा माणसं सापडली आणि त्यासाठी ५३ कोटी लोकांच्या पेट्यांवर खुणा कराव्या लागल्या नाहीत.

एवढं वाचून कुणी म्हणेल, बाईसाहेब कंपनीच्या बाजूच्या दिसतात. छे! कंपनीच्या मायेवर विश्वास ठेवावा असं तिने काय केलंय? डिसेंबर २०१५ मध्ये फेसबुकला आपल्याकडच्या गरिबांचा असाच कळवळा आला होता. ‘फ्री बेसिक्स’ नावाचं फुकट इंटरनेट. फुकट खरं, पण कंपनी ठरवेल तेवढ्याच खिडक्या उघडणारं. गरिबाने कुठे बघायचं ते तिने ठरवायचं. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ते बंद पाडलं. मग जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने सगळ्यांच्या फोनवर पाटी झळकवली, की आमच्या नव्या अटी मान्य करा, नाहीतर राहू द्या. आमच्यातल्या निम्म्याजणींनी न वाचताच ‘मान्य’ दाबलं, कारण पाटी गेल्याशिवाय पुढचं काही दिसेना. याच प्रकाराबद्दल स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या मालक कंपनीला, मेटाला, २१३ कोटींचा दंड ठोठावला. म्हणजे कुलूप मजबूत आहे हे ठीक, पण वाडा तिचा आहे आणि कोण कुणाकडे कितीदा येतं-जातं याची नोंद दारावर होतेच.

राजकीय पक्षांचं तर विचारूच नका. कंपनीवर बोट दाखवणाऱ्यांचे बूथनिहाय गट त्याच कंपनीच्या फोनवर चालतात. सत्तेत असताना ‘देशाची सुरक्षा’ आणि विरोधात बसलं की ‘अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य’, खुर्ची बदलली की पाठ केलेलं भाषणही बदलतं. २०१२ मध्ये ६६-अ कुणाच्या राज्यात वापरलं गेलं आणि २०२१ चे नियम कुणी आणले, हे ताडून बघा. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये आपली खासगी माहिती जपायचा कायदा संसदेने केला, तर त्यातही केंद्र सरकारला स्वतःच्या यंत्रणांना सूट द्यायची सोय ठेवली आहे.

मग अफवेचं करायचं काय? राईनपाड्याच्याच वर्षी तेलंगणातल्या जोगुळांबा गदवाल जिल्ह्यात रेमा राजेश्वरी नावाच्या पोलीस अधीक्षक होत्या. उन्हाळ्यात त्यांच्या गावांमधून लोक अंगणात झोपायचे बंद झाले, संध्याकाळीच मुलांना घरात कोंडू लागले. ही खबर त्यांच्यापर्यंत आली ती गावांत जाणाऱ्या शिपायांकडून, कारण एकेक शिपाई एकेका गावाशी त्यांनी आधीच जोडून ठेवला होता. मग शिपाई आणि सरपंच गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत शिरले आणि अफवा आली की तिथल्या तिथे खोडू लागले. डफ वाजवून दवंडी दिली, लोककलावंतांकडून गाणी म्हणवून घेतली. त्यांच्या हद्दीत अफवेने एकही बळी गेला नाही. आणि त्यासाठी कुलूप फोडावं लागलं नाही. मला यात विशेष वाटतं ते हे, की अंगणातल्या खाटा आत गेल्या हे त्या बाईच्या लक्षात आलं. घर चालवणाऱ्या कुणालाही आलं असतं.

कंपनी आणि सरकार दोघे खुर्च्यांवर बसून आपल्याबद्दल बोलत असताना तिसरी खुर्ची रिकामी राहते, हे माझं खरं दुखणं आहे. एप्रिल २०१५ मध्ये इंटरनेटवरच्या सेवांबद्दल नियामकाने लोकांची मतं मागवली तेव्हा दहा लाखांहून जास्त ई-मेल गेले आणि त्या लोकांच्या रेट्यापुढे मोठमोठ्या कंपन्यांचं चाललं नाही. पण तो मसुदा इंग्रजीत, शंभरावर पानांचा. तो वाचला इंजिनिअर मुलांनी, शहरातल्या. आमच्या गटातल्या कुणाला त्याचा पत्ताही नव्हता.

आता एक साधी गोष्ट. १७ जुलै २०१८ रोजी, म्हणजे राईनपाड्यानंतर सोळाच दिवसांनी, सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हत्यांबाबत आदेश दिला. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा एक समन्वय अधिकारी नेमायचा, अफवा आणि जमावाच्या हिंसेवर त्याने लक्ष ठेवायचं. तुमच्या जिल्ह्यात हा अधिकारी कोण, ठाऊक आहे का? मी गटाच्या बैठकीत विचारलं, कुणालाच माहीत नव्हतं. ठाण्यात विचारलं, तिथल्या हवालदाराने ‘साहेब आले की विचारा’ म्हटलं. व्हॉट्सअ‍ॅपने भारतातून जावं की राहावं यावर तास तास बोलणाऱ्या घरच्या मंडळींनाही विचारून पाहिलं. त्यांनी विषय बदलला.

तेव्हा गटाने ठरवलं, की माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचा. अधिकारी कोण, नेमणूक कधी झाली, गेल्या वर्षभरात तो किती गावांत गेला, हे तीन प्रश्न. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट गटाच्या खर्चातून. अर्ज मराठीत, आमच्या सचिवबाईंच्या वळणदार अक्षरात. तीस दिवसांची मुदत असते. उत्तर आलं तर त्याच आठवड्यात या सदरात कळवीन, नाही आलं तर तेही कळवीन.