पाल चालते, लोहार चालत नाही!

आमच्या शेजारच्या नानांचा एक नियम आहे. कुणाच्याही घरी गेलं की चहा येईपर्यंत त्या घरातल्या तरुण पिढीच्या चुका काढायच्या. त्या रविवारी ते आले तेव्हा माझा पुतण्या संगणकावर ‘स्कायरिम’ खेळत होता. खेळ २०११ सालचा, पण अजून लोक खेळतात म्हणे. पडद्यावर बर्फाचे डोंगर आणि बोलणारे ड्रॅगन. नानांना ते पटलं. माणूस नुसता ओरडून समोरच्याला दरीत उडवतो, हेही पटलं. सोसायटीच्या सभेत ते स्वतः हाच प्रयोग करतात.

गेल्या खेपेला पुतण्याच्या वीराने चक्क एका पालीशी लग्न केलं होतं. थट्टा नाही! त्या जगात सरड्यासारखी, शेपटीवाली एक जमात आहे, तिच्यातली ही नवरी. नाना तेव्हा खो खो हसले होते. “पाल तर पाल! बाईमाणूस आहे ना? संसाराला लागला, झालं!”

या खेपेला वीराने एका लोहाराशी लग्न लावलं. लोहार पुरुष होता.

नानांचा चहा बशीतच राहिला. “हे अनैसर्गिक आहे!” ते गरजले. पडद्यावर त्याच वेळी एक ड्रॅगन आग ओकत होता. त्याच्याबद्दल निसर्गाची काही तक्रार नसावी.

“अहो, पूर्वीच्या काळी असलं काही नव्हतं,” नाना म्हणाले. कुठल्या पूर्वीच्या? स्कायरिमचा पूर्वकाळ कंपनीच्या कचेरीत बसून लिहिलेला! लिहिणाऱ्यांनी ठरवलं की तिथे कुणी कुणाशीही लग्न केलं तरी गावाला त्याचं काही नाही. दोनशे मोहरांची ताईत-माळ घ्यायची, गळ्यात घालायची, देवळात जायचं. पुढे जोडीदार दुकान काढतो, रोज शंभर मोहरा हातावर ठेवतो आणि एक वेळ जेवू घालतो. सांगा, आपल्या पाहण्यातली किती रीतसर लग्नं या कसोटीला उतरतील?

नानांचा शेवटचा बाण ठरलेला. “मुलांवर परिणाम होतो.” होतो ना? मग १९८५ पासून जगभरची पोरं सुपर मारिओ खेळताहेत, तो मारिओ प्लंबर आहे. आमच्या सोसायटीत खेळून खेळून एक जरी पोरगा प्लंबर झाला असता, तर तिसऱ्या मजल्याची गळती केव्हाच थांबली असती.

अशी भीती नानांनाच वाटते असं नाही. २०१४ साली ‘ड्रॅगन एज : इन्क्विझिशन’ हा खेळ कंपनीने स्थानिक कायद्यांचा भंग नको म्हणून भारतात विक्रीतून मागे घेतला. नेमकं काय खुपणार होतं, ते तपशिलात सांगितलं नाही. पण तेव्हा ३७७ कलम आपल्या डोक्यावर होतं. ते सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरतं दूर केलं. लग्नाचा हक्क मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्य केला नाही. म्हणजे स्कायरिममध्ये दोनशे मोहरांत होणारं काम इथे अजून होत नाही.

त्या ‘ड्रॅगन एज’मध्ये डोरियन नावाचा एक जादूगार आहे. त्याला पुरुष आवडतात. बाप खानदानी, तो मुलाला ‘सुधारण्या’साठी रक्ताच्या जादूचा घाट घालतो. मुलगा घर सोडतो. त्या राक्षस-चेटकांच्या पसाऱ्यात मला सगळ्यांत खरा वाटला तो हा बाप. असले बाप पाहायला संगणक लागत नाही.

हे सगळं मी नानांना सुनावलं. ते चहा टाकून गेले. मी विजयी मुद्रेने वळलो, तर पुतण्याने खेळ थांबवला होता.

“काका, खेळातल्या लग्नासाठी तुम्ही एवढे भांडलात. खेळाबाहेरचं कधी विचारलं नाहीत.”

मी चष्मा पुसला. मग उगाच पुन्हा पुसला. दुसऱ्याच्या अंगणात वाद जिंकणं सोपं असतं, हे मला त्या क्षणी कळलं.

“लोहार आहे का?” मी विचारलं.

“नाही, सीए आहे. बाबांना अजून सांगितलं नाही.”

“दादाला मी सांगतो. आधी त्याला रविवारी जेवायला बोलाव.”

नानांनाही बोलावणार आहे. पुरणपोळीने तोंड भरलेलं असलं की नानांसारखा समजूतदार माणूस शोधून सापडत नाही. शिवाय सोसायटीचे हिशेब तीन वर्षं तुंबलेत आणि सीए फुकटात मिळतोय म्हटल्यावर नाना निसर्गाकडे थोडी डोळेझाक करतील, अशी मला आशा आहे.