आडाचे पाणी आणि नळाचे पाणी

पुण्याच्या जुन्या पेठांतील वाडे पडले आणि त्यांच्याबरोबर बहुतेक आडही बुजले. जेथे एखादा आड वाचला आहे, तेथे घरातील वृद्ध स्त्री आजही देवपूजेला नळाचे पाणी घेत नाही. त्या पाण्याला येणारा औषधाचा वास तिला देवघरात नको असतो. त्याच घरातील सून मात्र आडाचे पाणी पिण्यास धजावत नाही. दोघींचे मत ठाम असते आणि दोघींपैकी कोणीही ते पाणी कधी तपासून घेतलेले नसते.

हा वाद पुण्यापुरता मर्यादित नाही. महाराष्ट्रातील प्रत्येक वाढत्या शहराच्या कडेला तो घराघरांत चालू आहे. एका बाजूला 'भूमातेच्या उदरातील शुद्ध पाणी' अशी श्रद्धा, तर दुसऱ्या बाजूला 'महापालिकेचे म्हणजे निर्धोक' असा विश्वास. वस्तुतः दोन्ही गृहीतके आळसातून जन्मलेली आहेत.

फरक आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपणारे पाणी बहुधा जड असते. त्यात साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ लवकर शिजत नाही आणि बंबाच्या तळाशी पांढरा थर साचतो. धरणाचे पाणी त्यामानाने हलके. उलट विहिरीचे पाणी उन्हाळ्यात गार व थंडीत कोमट लागते, आणि त्याची चव ज्याच्या जिभेवर बसली त्याला दुसरे पाणी गोड लागत नाही. परंतु जिभेची परीक्षा येथेच संपते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. ते दुप्पट झाले तरी चवीला कळत नाही. शौचखड्ड्यातून पाझरलेले जंतू तर अगदी नितळ पाण्यातही असू शकतात. उकळण्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही; पाणी आटले की त्याचे प्रमाण उलट वाढते. 'आम्ही उकळून पितो' एवढ्यावर निश्चिंत राहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

नळाच्या पाण्याचा खरा गुण त्याच्या वासातच आहे. शुद्धीकरण केंद्रातून निघालेल्या पाण्यात थोडा क्लोरीन मुद्दाम शिल्लक ठेवतात. घरातील तोटीपर्यंत तो लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम उरावा, अशी अपेक्षा असते. वाटेत जलवाहिनीला तडा जाऊन गटाराचे पाणी थोडेफार शिरले, तर हा उरलेला क्लोरीन त्याच्याशी झुंजतो. जो वास आजीबाईंना नकोसा वाटतो, तो म्हणजे पहारेकरी जागा असल्याची खूण. विहिरीला असा पहारेकरी नसतो. तेथे माणसालाच जागे राहावे लागते.

पूर्वीची माणसे जागी होती. विहिरीला कठडा असे, भोवती चप्पल घालून जाण्यास मज्जाव असे, कपडे धुण्याचा दगड दूर असे. वैशाखात पाणी तळाला गेले, की उपसा करून गाळ काढला जाई. त्या काळी पटकीच्या साथी येत नव्हत्या असे नव्हे. येत, आणि गावेच्या गावे ओस पाडीत. परंतु विहीर ही कोणाची तरी होती. आज अनेक ठिकाणी विहीर उरली आहे, तिचा धनी उरलेला नाही.

2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात जे घडले, ते याच संदर्भात पाहावे लागते. नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत 'गियाँ-बारे' या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले. पुणे व परिसरातील संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली, काहींना प्राण गमवावे लागले. अनेक रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला आणि संशयाचे बोट पाण्याकडे गेले. नांदेड गावात विहिरीतील पाणी पूर्ण शुद्धीकरणाविना, केवळ क्लोरीनच्या भरवशावर नळाने घरोघरी जात होते. म्हणजे तोटी शहराची आणि पाणी विहिरीचे! गृहिणीने तोटी पाहून विश्वास ठेवला, यात तिचा काय दोष?

नांदेड व किरकटवाडी 2021 साली महापालिकेत आली. ग्रामपंचायतीच्या काळात निदान एक चौकट असते. टीसीएल पावडर टाकणारा जलसुरक्षक असतो. पावसाळ्याच्या आधी व नंतर जलस्रोतांची पाहणी होते आणि गावाला लाल, पिवळे वा हिरवे कार्ड मिळते. लाल कार्ड मिळाले की गावाची नाचक्की होते. गाव शहरात विलीन झाले की ग्रामपंचायतीबरोबर ही चौकटही जाते. शुद्धीकरण केंद्र मात्र त्याच दिवशी उभे राहत नाही. या मधल्या वर्षांत पाण्याचा धनी कोण, याचे उत्तर मागण्याचा नागरिकांना पूर्ण अधिकार आहे.

पण सगळा दोष महापालिकेच्या माथी मारून गृहनिर्माण सोसायट्यांना हात झटकता येणार नाहीत. अनेक सोसायट्यांत कूपनलिकेचे, टँकरचे आणि नळाचे पाणी एकाच भूमिगत टाकीत सोडले जाते. महापालिकेने राखलेला तो चिमूटभर क्लोरीन तेथे इतर पाण्यातील घाणीशी झुंजण्यातच खर्ची पडतो आणि चौथ्या मजल्यावरच्या माठात पोहोचते ते कोणाचेच नसलेले पाणी. वार्षिक सभेत वाहनतळाच्या जागेवरून तासभर भांडणारे सभासद टाकी शेवटची केव्हा धुतली, हे विचारीत नाहीत.

म्हणून विहिरी बुजवाव्यात काय? मुळीच नाही. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले, खडकवासल्याचे धरण वाहून गेले आणि पुण्याचे नळ कोरडे पडले, तेव्हा वाड्यांतील आडच कामी आले होते. विहीर राखावी, धुण्याभांड्यांना व बागेला तिचे पाणी खुशाल वापरावे. ते पिण्याच्या टाकीत मात्र मिसळू नये. ज्यांना विहिरीवाचून गत्यंतर नाही, त्यांनी शौचखड्डा किमान 50 फूट दूर ठेवावा, वर्षातून दोनदा पाणी प्रयोगशाळेत द्यावे आणि हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम ताजी टीसीएल पावडर बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन वरची निवळी विहिरीत सोडावी. तासाभराने पाणी वापरण्यापूर्वी ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पाहावे. पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन शिल्लक आहे. न झाल्यास मात्रा पुन्हा द्यावी लागेल.