बाबांच्या गाडीतली लोकगीतं

उल्हासनगर ते बदलापूर म्हणजे हमखास कोंडी. मागच्या सीटवरच्या मुलांसाठी तीच सक्तीची मैफल: स्टिअरिंग बाबांच्या हातात, गाणीही बाबांचीच, सिंधी लोकगीतं.

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले. १९४९मध्ये वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. निर्वासितांसोबत 'भगत' आला. गाणं, नाच आणि कथा गुंफणारा हा लोकप्रकार. त्यातले थोर गायक संत कंवरराम यांची १९३९मध्ये हत्या झाली; त्यांची परंपरा मात्र सीमा ओलांडून इथे पोचली.

१९६७मध्ये सिंधी भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली, पण तिला स्वतःचं राज्य नाही. मुंबईच्या खासगी एफएमवर बॉलिवूडचाच गजर. मग हा वारसा पालकांच्या पेनड्राइव्हवरच का सोडायचा? आकाशवाणीने संध्याकाळच्या कोंडीच्या वेळी सिंधी लोकगीतांना, आणि त्यांच्याबरोबर इथल्या आगरी गाण्यांना व भीमगीतांनाही रोज तासभर द्यावा.